वैशाखातली कारवी

डोंगरावर ड्रोनची पहिली फेरी झाली त्या सकाळी रेश्मा ढेबेच्या म्हशीने दूध चोरलं, आणि वैर तिथूनच सुरू झालं.

खरवळवाडी डोंगराच्या पोटाशी आहे. वरून पाच सोंडा खाली उतरतात आणि पाचही सोंडांवर कारवीचं रान. कारवी सात वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते आणि मरते. पण प्रत्येक सोंडेचं साल वेगळं. एक मरते तेव्हा बाकीच्या चार डोंगर धरून ठेवतात. ही वाटणी वाडीच्या लेखी देवीने करून दिली होती, आणि ती डॉक्टर शर्वाणी लेले यांनी एका उन्हाळ्यात मोडून दाखवली.

शर्वाणीबाईंनी 'फुलसाद' शोधली होती. झाडाला फुलायची वेळ झाली असं सांगणारं संप्रेरक झाडाच्या अंगातच असतं; त्यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. पानांवर त्याचे तुषार पडले की तीन वर्षांची कारवीही आपली सात भरली असं समजे. एका पर्यटन कंपनीला मे महिन्याच्या सुट्टीत फुललेला डोंगर हवा होता. ग्रामसभेत बबनने हात वर केला. हा रेश्माचा चुलत दीर, वाडीतला पुढारी. मग त्याच्यामागे सगळ्या वाडीने हात वर केले.

रेश्माने केला नाही. तिला विज्ञानाचं वावडं नव्हतं, पण डोक्यावर घरघर सुरू झाली की म्हैस पान्हा सोडत नव्हती. तिसऱ्या सकाळी ड्रोन तिच्या गोठ्यावरच्या सोंडेकडे वळला तेव्हा तिने खुंटीवरची गोफण काढली. धनगराच्या पोरीचा नेम तो. ड्रोन करवंदीच्या जाळीत जाऊन पडला.

"वैनी, तुमचं डोकं फिरलंय," बबन दारात येऊन म्हणाला. "कंपनी निघून गेली तर वाडी तुमाला दारात उभं करायची न्हाई."

"नगा करू. मी कुठं येती तुमच्या दारात?"

कंपनीने तिची सोंड सोडून दिली आणि बाकीच्या चारांवर फवारा मारला. वैशाखात त्या चारही फुलल्या. खोटं कशाला बोला, दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. गवत वाळून कडकडीत झालेलं, कातळ तापलेले, आणि मध्ये हा जांभळा पूर. लोक गाड्या भरभरून आले, फुलांत लोळले, फोटो काढून गेले. कंपनीचा माणूस रेश्माच्या हिरव्या सोंडेकडे बोट दाखवून सांगे, "तेवढं एक ठिगळ राहिलंय." वाडी त्यावर हसे.

रेश्मा त्या फुलांकडे पाठ करून धारा काढी. तिला त्या फुलांचा राग येई आणि थोडी भीतीही वाटे. कारवी फुलावी ती श्रावणात, धुक्यात. तेव्हा सोंड मधमाश्यांनी नुसती घुमते. ही फुलं मुकी होती. तिने तसं दोघातिघांना सांगून पाहिलं. पोटदुखी म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

वाडीचा एक नियम होता. कारवीच्या काठ्यांचे कुड करून घरांना, गोठ्यांना भिंती घालतात. पण कोयता लावायचा तो मेलेल्या कारवीलाच, आणि तोही बोंडं फुटल्यावर. मेलेली कारवी बोंडं धरून उभी राहते; ती वाळायला हिवाळा जावा लागतो. पुढच्या उन्हाळ्यात वळवाचं पाणी लागलं की बोंडं तडतडतात आणि बी उडतं. तडतड कानांनी ऐकली की ती सोंड तोडायला मोकळी.

पुढच्या चैत्रात वळीव पडला आणि चारही सोंडा लाह्यांसारख्या तडतडल्या. असं कुणाच्या आठवणीत झालं नव्हतं. बबनने देवीपुढे नारळ फोडला आणि वाडी कोयते घेऊन वर चढली. कंपनीला पाहुण्यांसाठी कुडाच्या खोल्या बांधायच्याच होत्या. रेश्माही गोठ्याच्या कुडासाठी काठ्या आणायला निघाली, तर बबनने तिला वाटेत अडवलं.

"तुमची सोंड फुलली न्हाई वैनी. फुलल तवा तोडा."

ती कोयता घेऊन परत आली. महिन्याभरात चार सोंडा हजामत केल्यासारख्या झाल्या, आणि नियम कुणीही मोडला नव्हता.

शर्वाणीबाई वैशाख सरताना आल्या. या खेपेला कंपनीची गाडी नव्हती, एकट्याच होत्या. आधी चारही सोंडा पायी फिरल्या, मग देवीच्या पारावर वाडीला बोलावून त्यांनी मूठ उघडली. मुठीत कारवीची बोंडं होती.

"ही पोकळ आहेत," त्या म्हणाल्या. "वैशाखाच्या उन्हात पराग भाजून निघाले. बी धरलंच नाही."

"तडतडली की," बबन म्हणाला. "समद्यांनी ऐकली."

शर्वाणीबाईंनी एक न फुटलेलं बोंड तळहातावर ठेवून त्यावर बाटलीतलं पाणी सोडलं. थोड्या वेळाने ते तट्‌ करून फुटलं. तळहातावर काहीच पडलं नाही.

"पाणी लागलं की साल तडकते. आत बी असो वा नसो."

पारावर सगळे एकदमच बोलू लागले. तुम्ही फुलवलीत, तुम्ही तोडलीत, आधी सांगायला काय झालं होतं. मेलेली खोडं काही वर्षं उभी राहून पाऊस अंगावर घेतील असं मी धरून चालले होते, असं शर्वाणीबाई म्हणाल्या. तुमच्या कोयत्याचा नियम मला कुणी सांगितला नाही, असंही म्हणाल्या.

"तुमी इचारला व्हता?" रेश्माने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

ते टाळून बाईंनी पुढचं सांगितलं: मृग लागायच्या आत घरं रिकामी करा, उघडी माती खाली येईल. जिवंत कारवीच्या सोंडेखाली एकच घर आहे, तेवढंच वाचेल. मग सगळ्यांच्या नजरा रेश्माकडे वळल्या. त्यांत ओशाळेपणा कमी आणि हेवा जास्त होता.

"रेश्माताई, तुमची कारवी चौथ्या वर्षाची आहे," शर्वाणीबाई म्हणाल्या. "आत्ता फुलसाद दिली तर श्रावणात फुलेल, गारव्यात. मधमाश्या येतील, बी खरं धरेल. त्या बियांवर चारही सोंडा पेरता येतील. थांबलो तर तिची वेळ येईपर्यंत डोंगर उघडा राहील."

"आन्‌ माजी?"

"मरेल. नवी रोपं येईपर्यंत तुमच्या घरावर मेलेली खोडं राहतील. कुणी तोडली नाहीत तर."

"डोंगर समद्यांचा हाय, वैनी," बबन म्हणाला. ती विनवणी नव्हती.

"सकाळी ड्रोन आणते," शर्वाणीबाई उठत म्हणाल्या. "नको असेल तर तुमची गोफण आहेच."

दिवस मावळायच्या आत वाडी भांडीकुंडी घेऊन रेश्माच्या अंगणात आली. तिने कुणाला या म्हटलं नाही आणि हाकलूनही दिलं नाही. बबनच्या बायकोने न विचारता तिच्या चुलीवर आपलं पातेलं चढवलं.

सकाळी रेश्मा धार काढायला बसली आणि घरघर आली. म्हशीने कान टवकारले, पान्हा चोरला. ड्रोन करवंदीच्या जाळीशी येऊन हवेत थांबला. खाली शर्वाणीबाई उभ्या होत्या, अंगणात सगळी वाडी. रेश्मा उठली. तिने गोफण काढून तीत दगड घातला आणि बबनकडे वळली.

"भावजी, समजा ही फुलली, वाळली, खऱ्या बियांनी तडतडली. मग कंपनी खोल्या मागाय आली. नवी रोपं गुडघ्याला लागस्तवर तुमचा कोयता घरात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल की," बबन म्हणाला.

पण बोलताना त्याची नजर वर सोंडेवर गेली होती, जाड, सरळ, कुडाजोगत्या काठ्यांवर. रेश्माने ते पाहिलं. गोफणीची दोरी तिच्या बोटांत ताणलेली होती. त्याच्या तेवढ्या एका शब्दावर ही शेवटची सोंड ड्रोनला द्यायची का?