खोकला थांबेपर्यंत

पोरांनो, त्या दिवशी वारा असा नव्हताच. सकाळपासून आभाळ गच्च, अंगाला चिकटणारा उकाडा, झाडाचं पान हलेल तर शपथ.

ज्याची गोष्ट सांगतोय तो माझ्या चांगल्या ओळखीचा. दगड घासायच्या शेडमध्ये कामाला होता. सगळे त्याला धाकटा म्हणत. त्याचा थोरला भाऊ, दादा, त्याच शेडमध्ये बावीस वर्षं चाकावर बसलेला. ज्याचं जे काम, ते त्याच्या अंगात राहायला येतं. वेल्डरच्या डोळ्यांत, रंगाऱ्याच्या हातांत. दादाच्या छातीत दगडाचा भुगा येऊन बसला होता. डॉक्टर म्हणाले, आता हा काही निघायचा नाही.

बुधवारी रात्री अकराला दादाचा ऑक्सिजन संपत आला. धाकटा हातगाडी घेऊन भरलेला सिलिंडर आणायला निघाला.

"सावकाश ये," दादा धापा टाकत म्हणाला. "मी कुठं... पळून जातोय?"

दुकानदार झोपेतून उठला. "तुझा दादा म्हणजे माझ्या दुकानाचा जावई. कधीही येणार, अन् नाही म्हणायची सोय नाही." त्याने मीटर लावून काटा दाखवला. सिलिंडर काठोकाठ भरलेला. मग तोंडावर नवं सील बसवलं.

परतताना बारा वाजून दहा मिनिटांनी तो शेडपाशी आला. दीड वर्ष बंद पडलेली शेड. आतून खोकला ऐकू आला.

त्या शेडची एक रीत होती. कुणाला उबळ आली की सगळ्यांनी चाकं थांबवायची, त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत. इतक्या वर्षांची सवय. डोकं चालायच्या आधी हातांनी गाडी थांबवली.

दुसरा खोकला. मग तिसरा.

तिथली माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखायची. तीन ठसके, शेवटी शिट्टी... हा बुटक्या. बुटक्याला तर त्याने मागच्या वर्षी खांदा दिला होता.

दाराला कुलूप. आत काळोख. चार जण... पाच...

"जरा थांब रे," आतून कुणीतरी म्हणालं. रागाने नाही. ओळखीने.

तो थांबला.

एकेकाचा खोकला बसत गेला. मग लांब, सुखाचा श्वास. एक... दोन... पाच.

मग काहीच नाही.

धाकटा घरी पोचला तेव्हा दादाचे ओठ निळे पडले होते. वहिनीने शेजारच्या वेल्डरकाकांना बोलावून ठेवलं होतं, सिलिंडरचं त्यांना कळायचं. काकांनी सील तोडलं. मीटर लावला. चावी फिरवली.

काटा शून्यावर.

पुन्हा फिरवली. पुन्हा.

दादा तिघांकडे आळीपाळीने बघत होता. मग बघायचा थांबला.

काकांनी तुटलेलं सील उचलून उजेडात धरलं.

"सील तर आत्ता माझ्या हातानं तोडलं," ते हळूच म्हणाले. "वाटेत कोण भेटलं होतं रे तुला?"