गुलाबी ठिपक्याचा आयसोलेटर

लिंक टाकली म्हणालीस ना मघाशी जेवताना? आयसोलेटर गेला, स्टोअरमध्ये दुसरा नाही, मग सरांनी सांगितलं, रात्रीपुरती थेट वायर जोड, उद्या बघू. ऐकलं मी. तेव्हा बोललो नाही, कारण तुझी आई समोर होती. आता ती झोपली. बस इथे. आणि तू रे, हसतोस काय? आयसोलेटर कशाशी खातात हे तरी माहीत आहे का तुला?

ऐक. जिथे हवेत ज्वालाग्राही वाफ असते, तिथे टाकीवर एक यंत्र बसवतात, ट्रान्समीटर. टाकीत किती माल आहे ते तो वायरीतून वर कंट्रोल रूमला कळवतो. आता वायर म्हटली की वीज आली, आणि वीज आली की ठिणगी आली. म्हणून वर पॅनेलमध्ये मधे एक डबी असते, काडेपेटीहून जरा मोठी. तोच आयसोलेटर. तो खालचा निरोप वर येऊ देतो, पण ठिणगी पडेल एवढी वीज खाली जाऊ देत नाही. डबी काढून वायर थेट जोडली की त्याला म्हणायचं लिंक. आकडा छान दिसतो. पहारेकरी मात्र गेलेला असतो. तुझ्या बहिणीने आज तेच केलंय, आणि वर ऐटीत सांगतेय.

आमच्याकडे चष्मा म्हणून एक टेक्निशियन होता. डोक्यावरचा चष्मा शोधायला एकदा अर्धी शिफ्ट घालवली, तेव्हापासून तेच नाव पडलं. नाकासमोर चालणारा माणूस. घरी बायको आणि चार महिन्यांची मुलगी. ही गोष्ट त्याची आहे.

फेब्रुवारीची एकोणीस तारीख. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. टँकर रिकामा होत होता, ज्वालाग्राही सॉल्व्हंट चार नंबरच्या टाकीत चाललं होतं, आणि त्या टाकीचा आकडा एकदम शून्यावर आला. आकडा नाही म्हणजे पंप बंद. पंप बंद म्हणजे टँकर उभा, आणि सकाळी सगळ्यांच्या नावाने शंख. शिफ्ट इंजिनियर म्हणाला, "चष्म्या, खाली जाऊन ट्रान्समीटर बघून ये. वायर सैल झाली असेल."

साधं काम. पंधरा मिनिटांचं. चष्म्याने टॉर्च घेतला, स्क्रू ड्रायव्हर घेतला, हवेत वाफ आली की वाजणारा गॅस मीटर कमरेला अडकवला. फोन लॉकरमध्ये, कारण त्या भागात फोन न्यायला बंदी. निघाला शीळ घालत.

चार नंबरचा ट्रान्समीटर जमिनीखालच्या पंप-रूममध्ये होता. आम्ही तिला खड्डाच म्हणायचो. वर जाड लोखंडी दार, आपोआप मिटणारं. आत अकरा पायऱ्या. तळाला पंप आणि त्याच्या बाजूला ट्रान्समीटर. भिंती एवढ्या जाड की वॉकीटॉकी आत नुसती खरखरते.

त्याच खड्ड्यात सहा वर्षांपूर्वी गुलाबशेठ गेला होता.

गुलाबशेठ आमचा जुना फिटर. हत्यारं चोरीला जातात म्हणून बायकोची नेलपॉलिश आणून प्रत्येक वस्तूवर गुलाबी ठिपका द्यायचा. पक्कड, टेस्टर, डब्याचं झाकण, काही सोडलं नाही. आम्ही विचारायचो, "शेठ, नखं वहिनी रंगवते की तू?" तो म्हणायचा, "चोराला तेवढीच लाज वाटेल." त्याच्या दोन सवयी होत्या. पॅनेलमधून काढलेला भाग खिशात ठेवायचा, परत बसवेपर्यंत खिशातच. आणि खाली पोचला की ट्रान्समीटरची वायर तीनदा सोडून तीनदा जोडायची. वर आकडा तीनदा शून्य झाला की आम्हाला कळायचं, शेठ पोचला, लाइन ठीक आहे. आयसोलेटर मधे असताना त्यात कसलाही धोका नसतो.

शेठ गेला त्या रात्रीही आयसोलेटर बंद पडला होता. दुसरा नव्हता. त्याने स्वतःच लिंक टाकली, डबी खिशात टाकली, खाली गेला आणि सवयीने वायर सोडली.

पुढचं सांगत नाही. त्याच्या खिशातली डबी सापडली नाही. खिसा तरी कुठे सापडला होता.

असो. चष्मा खाली उतरला. मागे दार मिटलं, खट्. रोजच मिटतं. ट्रान्समीटरचा छोटा पडदा काळा होता. म्हणजे वरूनच वीज येत नव्हती, बिघाड पॅनेलमध्ये. खाली करण्यासारखं काही नव्हतं. तो वर आला, दाराची मूठ फिरवली.

मूठ फिरली. नुसतीच फिरली. आतला दांडा तुटला होता.

त्याने दार बडवलं. हाका मारल्या. बाहेर टँकरचं इंजिन धडधडत होतं, कोण ऐकणार? मग कमरेचा गॅस मीटर वाजला. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. पंपाचं सील गळत होतं. ती वाफ हवेपेक्षा जड, तळापासून भरत येते, विहिरीला पाणी चढावं तशी. त्याने टॉर्च खाली धरला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. नाकाला मात्र गोडसर वास.

तो सगळ्यात वरच्या पायरीवर बसला. मुलगी आठवली त्याला. संध्याकाळी निघताना तिने त्याचं बोट धरलं होतं, ते सोडवून तो आला होता. हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना रडला.

मग खाली उजेड दिसला.

ट्रान्समीटरचा पडदा पेटला होता. हिरवट. आकडा स्पष्ट.

एक क्षण त्याला हायसं वाटलं. वीज आली! आता खाली जायचं, वायर तीनदा सोडायची, गुलाबशेठसारखी. वर कळेल. कुणीतरी धावत येईल. तो दोन पायऱ्या उतरलासुद्धा.

आणि थांबला.

स्टोअरमध्ये आयसोलेटर नव्हता. त्याला माहीत होतं. शिफ्टच्या सुरुवातीला दुसऱ्या टाकीसाठी त्यानेच शोधला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग दहा मिनिटांत वीज आली कशी?

लिंक.

वर कुणीतरी लिंक टाकली होती.

म्हणजे वायर सोडली तर ठिणगी. न सोडावी तर वाफ. मीटर आता थांबत नव्हता. तो परत वर सरकला. पाय पोटाशी घेतले. तोंडावर रुमाल. बसून राहिला.

आणि खालून आवाज आला.

कर्र... कर्र...

ट्रान्समीटरचं झाकण फिरवल्याचा. तो आवाज चष्मा झोपेतही ओळखेल.

खाली कोणी नव्हतं. एकच दार. त्याला तोच टेकून बसला होता.

कर्र...

पडदा विझला.

त्याने डोळे मिटले. झालं, म्हणाला. संपलं.

काही नाही.

पडदा पेटला. विझला. पेटला. विझला... पेटला.

तीनदा.

मग शांतता. मग पुन्हा तीनदा.

...

वर काय चाललं होतं ते मला कुणी सांगायची गरज नाही. पोरी, तो शिफ्ट इंजिनियर मी होतो. लिंक मी टाकली होती. मेलेली डबी काढून टेबलावर ठेवली, दोन इंच वायर जोडली, पॅनेलची खोली बंद केली, किल्ली खिशात. रात्रीपुरतं, म्हटलं. उद्या बघू. तुझ्या सरांचंच वाक्य.

कंट्रोल रूमच्या पडद्यावर आकडा शून्य झाला. आला. शून्य झाला. आला. खाली चष्मा वायर सोडतोय, आणि मधे आयसोलेटर नाही. मी कान झाकून घेतले. खरं सांगतो, लाज वाटते, पण आधी मी कानच झाकले. स्फोटाची वाट बघत.

सहा वेळा तुटली ती लाइन. सहाही वेळा काही झालं नाही.

मग धावलो. दार बाहेरून उघडलं. चष्मा माझ्या अंगावरच पडला. त्याला ओढत मोकळ्या हवेत आणला. पहिले शब्द काय बोलला असेल?

"मी हात लावला नाही. खाली कोण आहे?"

मी दारातून टॉर्च मारला. अकरा पायऱ्या. पंप. ट्रान्समीटरचं झाकण घट्ट बसलेलं. कोणी नाही.

टँकर थांबवला, खड्ड्याचा पंखा लावला, चष्म्याला डॉक्टरकडे पाठवलं. वाचला तो. त्याची मुलगी आता कॉलेजात आहे. पण त्या रात्री मला आधी एकच करायचं होतं, माझी लिंक काढायची होती. कुणी बघायच्या आत. हो, तेही होतं मनात.

पॅनेलची खोली उघडली. किल्ली माझ्याच खिशात होती. मेलेली डबी टेबलावर, ठेवली तशीच.

पॅनेल उघडलं.

लिंक नव्हती.

त्या जागी आयसोलेटर बसवलेला होता. जुना. एक कोपरा जळून काळा झालेला. हिरवा दिवा चालू. हात लावला तर कोमट, चालू असतो तसा.

आणि पुढच्या बाजूला गुलाबी ठिपका.

सहा वर्षं खिशात होता तो. परत बसवेपर्यंत खिशातच ठेवायचा ना...

मी निवृत्त झालो तोवर तो तिथेच चालत होता. बदलायला कुणी धजावलं नाही. आणि त्या कारखान्यात मी असेपर्यंत पुन्हा लिंक पडली नाही.

उठलीस? सरांना फोन करतेस ना? कर. झोपेतून उठव. त्यांना म्हणावं, पंप बंद ठेवा, मामांनी सांगितलंय. शिव्या घातल्या तर मला दे फोन.

पण जाण्याआधी तो दिवा जरा इकडे आण. हा अंगठा बघ. त्या रात्री मी याच अंगठ्याने तो ठिपका चाचपला होता, खरा आहे का म्हणून. रंग ओला होता.

नखाच्या कडेला बघ, इथे. थिनर लावून झालं, घासून झालं. नख वाढतं, कापतो, पुन्हा वाढतं. सतरा वर्षं झाली.

घे, बोट लावून बघ. अजून चिकट लागतो.