दोर बांधायचा नसतो

खोटं तुम्ही बोललात, साहेब.

त्या दरवाज्यावरून माणूस उठवलात आणि कारण दिलंत, 'मानवी चूक'. दोन शब्द, खाली सही, विषय संपला. चूक कशी झाली हे तुम्हाला सांगितलं होतं. भर खोलीत, तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही हसलात. म्हणून आता सगळं पहिल्यापासून ऐका. खुर्चीत नीट बसा. गोष्ट प्रेमाची आहे, चावत नाही.

नदी मोठी. तिच्यावरून गहू वर जातो, खडी आणि कोळसा खाली येतो, आणि हे सगळं वाहतात लांबलचक, पोटाने जड अशा बार्ज. मधेच एका ठिकाणी नदीला पायरी आहे. वरचं पाणी आणि खालचं पाणी यांत दोन मजल्यांचा फरक. ती पायरी चढता-उतरता यावी म्हणून तिथे सिमेंटचं एक लांबोडकं टाकं बांधलंय, दोन्ही टोकांना लोखंडी दरवाजे. बार्ज आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरलं की बार्ज वर, सोडलं की खाली. नदीवरचे लोक त्या सगळ्या कारभाराला नुसतं 'दरवाजा' म्हणतात.

त्या दरवाज्यावर ती होती. आधी तिचे बाबा होते. त्यांचे गुडघे गेले आणि ती लागली. टाक्याच्या काठावर काचेची केबिन, मागे दोन खोल्यांचं सरकारी घर, घरासमोर बाबांची वेताची खुर्ची. बाबांना काम काही उरलं नव्हतं, त्यामुळे बोलायला भरपूर वेळ होता.

त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. ती छत्री धरून काठावर उभी होती. खडीची एक बार्ज टाक्यात शिरली आणि डेकवरच्या उंच माणसाने काठावरच्या खुंट्याकडे दोर फेकला. खुंटा राहिला बाजूला. दोराचा फास बरोब्बर छत्रीत पडला आणि छत्री तिच्या हातातून सुटून थेट पाण्यात.

"अगं बाई!" बार्जच्या सुकाणूघरातून एक बाई ओरडली. "लंबू! खुंटा मार म्हटलं होतं, माणूस नाही!"

ती त्याची आत्या. बार्ज तिची, सुकाणू तिचं, आवाजही तिचाच. भाचा नुकताच तिच्याकडे खलाशी म्हणून आला होता.

"माफ करा हं," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता.

"नवीन आहात?" तिने दोर उचलून खुंट्यावरून फिरवला आणि टोक त्याच्याकडे परत टाकलं. "हे हातात धरायचं. पाणी उतरेल तसतसा दोर सोडत जायचा. बांधायचा नाही. बांधलात तर पाणी खाली जाईल आणि बार्ज राहील भिंतीला लटकून."

"ठाऊक आहे. पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मग छत्री कितव्या दिवशी शिकवतात?"

सुकाणूघरातून आत्याचं हसू ऐकू आलं. तिने केबिनमध्ये जाऊन बटण दाबलं. पाणी उतरू लागलं, आणि तो उंच माणूस दोर सोडत सोडत हळूहळू खाली जाऊ लागला. आधी गुडघे दिसेनासे झाले, मग छाती, मग खांदे. सगळ्यात शेवटी राहिला तो चेहरा… वर बघणारा, पावसाने ओला.

"छत्री आणून देईन!" तो खालून ओरडला. टाक्याच्या भिंतींनी ते दोनदा म्हटलं.

छत्री काही आली नाही. तो मात्र येत राहिला.

वर जाताना तो उगवायचा. आधी टोपी, मग डोळे, मग ते ओशाळं हसू. खाली जाताना मावळायचा. आणि बोलणं जे काही व्हायचं ते तेवढ्याच वेळात, टाकं भरेपर्यंत किंवा रिकामं होईपर्यंत. त्यातही गंमत अशी की खाली जाताना आवाज वाढवावा लागे. सुरुवातीला कुजबुजून म्हटलेली गोष्ट शेवटाला ओरडून सांगावी लागे, आणि ओरडून सांगण्याजोग्या गोष्टी माणसाजवळ असतात किती?

"दरवानबाई, आज केस मोकळे?"

"धुतलेत. वाळायला नकोत?"

"मला वाटलं, आमच्यासाठी."

"तुमच्यासाठी दरवाजा उघडते तेवढं पुरे."

"उघडता, पण किती सावकाश…"

"पाण्याला घाई चालत नाही, दोरवाले."

ती खोटं बोलत होती. पाणी जरा लवकर सोडता आलं असतं. तो आला की तिचा हात त्या बटणावर उगीच रेंगाळायचा. सकाळी वायरलेसवर आत्याचा आवाज आला की बाबा खुर्चीतूनच विचारायचे, "काय गं, खडी येतेय वाटतं? आज आरशाला सुट्टी नाही."

"बाबा!"

"मी काय म्हटलं? खडी येतेय म्हटलं."

'अहो'चं 'अरे' कधी झालं हे दोघांनाही कळलं नाही. आत्याला कळलं. तिने फक्त भोंगा एकदा जास्त वाजवला.

आणि मग तो दिवस.

आत्याच्या बार्जच्या छपरावर कुंड्या होत्या. पाण्यावर राहणाऱ्यांना मातीची भूक असते. त्या दिवशी बार्ज खडी भरून खाली निघाली होती. टाकं काठोकाठ होतं, डेक आणि काठ जवळजवळ समोरासमोर. तिने पाणी सोडायला सुरुवात केली आणि नेहमीसारखी काठावर येऊन उभी राहिली. पाहते तो त्याच्या हातात फुटक्या बादलीत लावलेलं टोमॅटोचं रोप.

"हे काय?"

"छत्री."

"याच्याखाली उभी राहू?"

"दोन महिने थांब, मोठं होईल."

बादली जड होती. ती द्यायला दोन्ही हात लागणार होते. आणि एका हातात दोर होता.

त्याने दोर बांधला.

हो साहेब, बांधला. डेकवरच्या खुंटाळीला दोन वेढे देऊन आवळला. क्षणभरासाठी, असं त्याला वाटलं. तो बादली घेऊन उंचावला. ती गुडघ्यांवर बसून वाकली. मातीने भरलेली त्याची बोटं आणि तिची बोटं बादलीच्या काठावर एकावर एक आली, आणि कोणीच हात काढेना.

"हे कशाबद्दल?" तिने विचारलं. अगदी हळू.

"कशाबद्दल म्हणजे…" तो थांबला. "तुला खरंच कळत नाही?"

"कळतं. पण तू सांग."

"म्हणजे असं की… मी…"

पाणी कोणासाठी थांबत नव्हतं. बार्ज एका अंगाने खाली गेली, दुसरं अंग दोराने वरच धरून ठेवलं. आधी ऐकू आली एक करकर, सुक्या दारासारखी. तिने ती ऐकली. बादली काठावर टाकून ती धावली, मातीच्याच हाताने लाल बटण दाबलं. पाणी जिथल्या तिथे थांबलं. बार्ज तिरपी, खडी एका बाजूला सरकतेय, आतून कपबश्या फुटल्याचे आवाज आणि त्यावर आत्याचा आवाज.

"दोर कोणी बांधला? कोणाच्या डोक्याचं पाणी झालंय?"

तिने पाणी हळूहळू परत भरलं. बार्ज सरळ झाली, दोर ढिला पडला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण दोन्ही बाजूंना बार्जची रांग लागली आणि बातमी तुमच्यापर्यंत पोचली. तुम्ही चौकशी बसवलीत.

आठवतंय? लांब टेबल, तुम्ही मधे, शेजारी टायपिस्ट. एका बाकावर ती, दुसऱ्यावर तो आणि आत्या. तिच्यासमोर नोकरी होती. गेली असती तर मागच्या दोन खोल्याही गेल्या असत्या, आणि बाबांची खुर्ची रस्त्यावर. त्याच्यासमोर तांडेलकीची परीक्षा होती. दोर बांधणाऱ्याला सुकाणू कोण देणार?

आधी ती उठली. "चूक माझी. बार्ज उतरत असताना मी त्याला बोलण्यात गुंतवलं."

तो ताडकन उभा राहिला. "खोटं आहे साहेब. दोर मी बांधला. तिने काही मागितलं नव्हतं. मीच देत होतो."

"मी हात पुढे केला म्हणून त्याने दिलं."

"मी दिलं म्हणून तिने हात पुढे केला!"

"अहो, एका चुकीला दोन धनी?" तुम्ही वैतागलात. "काय देत होतास?"

"टोमॅटोचं रोप."

"का?"

पंखा फिरत होता. त्याने टोपी हातात चुरगळली.

"आवडते म्हणून."

"टोमॅटो?"

"नाही साहेब… दरवानबाई."

आणि तुम्ही, टायपिस्टकडे मान वळवून, आवाजात कसलाही चढउतार न आणता सांगितलंत, "लिहा. सदर महिला कर्मचारी आवडत असल्या कारणाने दोर बांधण्यात आला."

मशीनने ते खडखड करत छापलं. जे टाक्याच्या काठावर त्याच्या तोंडातून फुटत नव्हतं ते असं बाहेर पडलं. ती मान खाली घालून बसली होती. नखात अजून थोडी माती होती, तिकडे बघत होती. आत्या पुटपुटली, "माझ्या बारा कपबश्या गेल्या तेव्हा कुठे बोलला, मेला."

तुम्ही हसलात. दोघांना समज देऊन सोडलंत, त्याची परीक्षा एक वर्ष पुढे ढकललीत. तुम्हाला वाटलं, उदार झालात. पण महिन्याभरात हुकूम आला. मानवी चूक टाळण्यासाठी सर्व दरवाजे यापुढे दूरच्या शहरातल्या एका खोलीतून चालवले जातील. दरवाज्यावर कॅमेरे बसतील, माणूस बसणार नाही. तिला त्या खोलीत एक खुर्ची मिळेल.

"चांगली खुर्ची आहे म्हणे," ती त्याला म्हणाली. तो त्या वेळी गहू घेऊन वर निघाला होता, उगवत होता. "गोल फिरते. पडद्यावर सगळ्या बार्ज दिसतात."

"मी दिसेन?"

"हिरवा ठिपका दिसेल."

"ठिपका हसलेला कळतो?"

नुसतं पाणी चढत राहिलं. मग तो काठाच्या उंचीला आला. दोर हातात घट्ट, या वेळी बांधला नव्हता.

"आत्याला माणूस हवाय डेकवर," तो म्हणाला. "मला… मलाही हवाय. पण तो वेगळा विषय. येतेस?"

"पाहुणी म्हणून नाही येणार. पगार लागेल."

"पगार कमी, शिव्या जास्त!" सुकाणूघरातून आवाज आला. भिंतींना कान असतील-नसतील, आत्याला होते.

"आणि बाबा?"

त्याचं उत्तर त्या संध्याकाळी वेताच्या खुर्चीतून आलं. "तुझ्या ताईकडे जाईन मी. तिची पोरं माझं डोकं खातील, मी त्यांचं खाईन. तू माझ्याकडे बघून थांबणार? मी काय खुंटा आहे, मला दोर अडकवायला?" आणि मग, दुसरीकडे बघत, "हे बघ पोरी, आयुष्यभर मी त्या खलाशांना एकच गोष्ट सांगितली. धरा, पण बांधू नका. आता तुला बांधून ठेवलं तर लोक हसतील मला."

शेवटच्या दिवशी तिने आत्याची बार्ज आत घेतली, पाणी सोडलं, खालचे दरवाजे स्वतःच्या हाताने उघडले. वायरलेसवर त्या दूरच्या खोलीला सांगितलं, "दरवाजा तुमच्या ताब्यात." केबिनच्या खिडकीखालचं टोमॅटोचं रोप बरोबर घ्यायला गेली तर बादली हलेना. मुळं फुटक्या बुडातून बाहेर पडून काठाच्या भेगेत शिरली होती. ओढलं असतं तर तुटली असती. तिने राहू दिलं. भिंतीतल्या लोखंडी शिडीने ती खाली उतरायला लागली, पिशवी खांद्याला. शेवटच्या पायरीवर त्याने हात पुढे केला.

"पडशील."

"मी? या शिडीवर?" ती म्हणाली. पण हात धरला. आणि सोडायची घाई केली नाही.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. तुमच्या दृष्टीने संपलीच.

काही आठवड्यांनी ते गहू घेऊन परत वर निघाले. त्या दरवाज्यात शिरले. खालून तिला पहिल्यांदाच कळलं, भिंती किती उंच आहेत. वरून कोणी 'नवीन आहात?' म्हणालं नाही. काठावर बसवलेल्या नव्या भोंग्यातून, त्या दूरच्या खोलीतला एक सपाट आवाज आला. "दोर धरा. पाणी चढत आहे." तिने दोर धरला. तो तिच्या शेजारी, खांद्याला खांदा. दोघं मिळून उगवली.

काठ दिसला. केबिनला कुलूप. काठाला नवी जाळी, तिच्यावर पाटी, उतरण्यास मनाई. जाळीच्या पलीकडे ते रोप, कमरेइतकं झालेलं. दोन टोमॅटो लाल, आणि पानं सुकून खाली मान घातलेली. मधे फक्त जाळी. हात पोचत नव्हता.

"कॅमेऱ्यातून दिसत असेल त्यांना," तो हळूच म्हणाला.

"दिसत असेल ना."

तिने दोर त्याच्या हातात दिला, सुकाणूघरात गेली, आत्याच्या पुढ्यातून वायरलेस उचलला. नदीवरची प्रत्येक बार्ज ऐकत होती.

"दरवाजा, मी डेकवरून बोलतेय. केबिनच्या खिडकीखाली टोमॅटोचं रोप आहे. त्याला पाणी कोण घालतं?"

थोडी खरखर झाली. मग तो सपाट आवाज. "आपली सूचना नोंदवण्यात आली आहे."

"सूचना नाही ती, साहेब. प्रश्न आहे. माणूस तुम्ही उठवलात. आता पाणी कोण घालणार?"

खरखर.

"मी ऐकतेय. बोला."