पिवळी बोट आणि पट्टराणी

"वाक, वुथी! डोकं खाली घाल!"

चेंदानं वल्हं अलगद वर घेतलं. होडी पाण्यात बुडालेल्या झाडांमध्ये शिरली आणि तिघंही दबून बसले. जलोत्सवाची सुट्टी होती. जळणासाठी लाकडं गोळा करायला ते आपल्या तरंगत्या गावाच्या जुन्या जागी आले होते आणि समोर चक्क पिवळी बोट उभी होती!

"बोंग, ही तर आपली बोट!" वुथी कुजबुजला. शेजारची चेंदा त्याच्यापेक्षा एकाच वर्षानं मोठी, पण वुथी तिला कायम 'बोंग' म्हणजे ताईच म्हणायचा. "गावात का येत नाही मग?"

चेंदानं धाकट्या भावाकडे पाहिलं. रतनक होडीचा काठ घट्ट धरून बोटीकडे टक लावून बसला होता. गेल्या वर्षी वादळानं त्यांच्या बाबांना नेलं, तेव्हापासून रतनक एक शब्दही बोलला नव्हता. गावातली मुलं त्याला 'मुका मासा' म्हणत. पावसाळ्यात फिरत्या शाळेची ही पिवळी बोट यायला लागली. तिच्यात गोष्टींची पुस्तकं असत, गणितं शिकवायला फळा असे आणि नेक क्रू सोथिया असत. नेक क्रू म्हणजे शिकवणाऱ्या बाईच, पण या बाई रतनकला 'बोल, बोल' असं कधीच म्हणाल्या नाहीत. त्याच्याशेजारी बसून नुसती चित्रं काढायच्या. शेवटच्या खेपेला रतनकनं वादळ काढलं. काळंकुट्ट! आणि त्याचे ओठ हलले. चेंदानं स्वतः पाहिलं होतं. त्यानंतर मात्र बोट आलीच नाही.

आज बोटीत नेक क्रू नव्हत्या. होते ते बोटीचं काम बघणारे कचेरीतले हेंग साहेब आणि नावाडी.

"काढ फोटो," हेंग साहेब म्हणाले. "बघ, एक कुत्रंसुद्धा नाही इथं!"

"साहेब, पाणी उतरायला लागलं की गाव खाली सरकतं. आता ते खोल पाण्याकडे असेल."

"असू दे की! तिथवर जायचं म्हणजे जलपर्णीत पंखा अडकणार. उद्या बाईंना आणि जिल्ह्याच्या मॅडमना इथंच आणू. मुलं नाहीत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की बोट दुसरीकडे जाईल आणि आपली कटकट मिटेल."

इंजिन घुरघुरलं. बोट गेली.

"खोटारडा!" वुथी उसळला. "चल, नेक क्रूंना फोन करू!"

"नंबर आहे कुणाकडे? त्या हेंगकडेच!" चेंदाचे गाल तापले होते. "चूक आपल्या मोठ्यांचीही आहे. नेक क्रू शहरातल्या. त्या आल्या तेव्हा पाणी चढलेलं होतं. गाव जागा बदलतं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. का, तर म्हणे ते सगळ्यांना ठाऊकच असतं!"

"मग उद्या आपण सगळे होड्या घेऊन इथं येऊ."

"तो म्हणेल, पोरं लाकडं न्यायला आलीत. इथं घर दिसायला हवं, वुथी. कुणीतरी राहतंय असं दिसायला हवं."

"घर कसं ओढणार? मोठी माणसं लागतील. आणि ती तर जलोत्सवातल्या होड्यांच्या शर्यती बघायला जाणार!"

तेवढ्यात रतनकनं चेंदाची बाही ओढली. बोटानं हवेत त्यानं एक चौकोन काढला, मग नाक वर दाबून धरलं.

वुथी खो खो हसला. "डुकरं! आजोबांचा डुकरांचा तराफा!"

दुसऱ्या दिवशी मोठी माणसं शर्यतींना गेली आणि मुलांनी बांबूच्या तराफ्याचे दोर सोडले. वर छप्पर, आत डुकरं आणि सगळ्यांत पुढे आजोबांची लाडकी जाडजूड डुकरीण, पट्टराणी. गावातली झाडून सगळी पोरं होड्यांत बसून वल्ही मारू लागली.

"ओढा! अजून जोर!"

"मी ओढतोच आहे, पट्टराणीलाच सांग जरा पोट आत घ्यायला!"

जुनी जागा दिसू लागली आणि तराफा करकरत थांबला. पाण्याखाली झाडाचा बुंधा! कालपासून पाणी आणखी उतरलं होतं. पट्टराणी घाबरून एका कोपऱ्यात धावली आणि तो कोपरा पाण्यात जाऊ लागला.

"सगळे पाण्यात!" चेंदा ओरडली. "तिला या बाजूला बोलवा!"

रतनकनं खिशातला केळ्याचा तुकडा दाखवला. पट्टराणी त्याच्याकडे वळली, तराफा कलला, पोरांनी खांदे लावले आणि... सुटला! जुन्या झाडाला दोर बांधतात न बांधतात तोच इंजिनाचा आवाज आला.

"बघा मॅडम, इथं तर कुणीच..." हेंग साहेब डोळे चोळू लागले.

तराफ्यावर ओलीचिंब मुलं ओळीनं उभी होती. मधे पट्टराणी.

"मोजा आम्हाला!" चेंदा म्हणाली. "काल फोटो काढलात तेव्हा आम्ही त्या झुडपात होतो. सगळं ऐकलंय!"

"हे... ही पोरं नाटक करताहेत! घरं कुठं आहेत यांची?"

"खाली, खोल पाण्यावर. तिथं जायला तुम्हाला कंटाळा येतो!"

"पोरी, मोठ्यांशी असं बोलतात? नावाडी, वळव बोट!"

पण बोट वळेना. इंजिन नुसतंच गुरगुरलं. सगळे भांडत असताना रतनकनं बोटीचा दोर तराफ्याला बांधला होता. बाबांनी शिकवलेली गाठ होती ती, ओढावी तशी अधिकच आवळणारी.

"सोड ती गाठ!" हेंग साहेब गरजले.

रतनक दोरावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"नाही!"

आवाज घोगरा होता, गंज चढल्यासारखा. पण आवाज होता! चेंदानं तोंडावर हात दाबला.

नेक क्रू सोथिया तराफ्यावर उतरल्या. त्यांनी टाळ्या पिटल्या नाहीत, त्याला मिठीही मारली नाही. डुकरांच्या शेजारी ओल्या बांबूवर त्या शांत बसल्या. "बरं. नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "रतनक, तुमचं गाव कुठं आहे, दाखवशील?"

त्यानं खोल पाण्याच्या दिशेनं बोट दाखवलं.

जिल्ह्याच्या मॅडम हेंग साहेबांकडे वळल्या. "तुमच्याशी उद्या कचेरीत बोलते. आता गाठ तशीच राहू द्या. तराफा ओढतच जाऊ."

शर्यतींहून परतलेल्या गावानं एक अजब मिरवणूक पाहिली. पुढे पिवळी बोट, मागे तराफ्यावर आरडाओरडा करणारी पोरं आणि गावापर्यंत पट्टराणीचा घाणेरडा वास सहन करत सुकाणूपाशी बसलेले हेंग साहेब!

"माझी डुकरं!" आजोबा कडाडले. मग त्यांनी सगळी हकीकत ऐकली. "सांगायला हवं होतं आम्ही. सांगितलंत तुम्ही," ते म्हणाले. "पुन्हा गरज पडली तर माझं घरसुद्धा न्या. न विचारता!"

पुढच्या ठरल्या दिवशी पिवळी बोट थेट गावात आली. रतनक अजूनही तसा गप्पच असायचा. पण आता त्याला कुणी मुका मासा म्हटलं, की तो त्या मुलाच्या डोळ्यांत बघून एकच शब्द म्हणायचा.

"नाही!"