लिफ्टमधलं संत्रं

लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि दिवाही गेला. दुपारचे दोन वाजले होते. आत चौघं होती, आणि त्यातल्या एकीला चोर ठरवून खाली नेत होते.

ती नाकवाली. सुगंधांच्या या कंपनीत तिचं काम एवढंच, की लोकांच्या मनगटांचा तासातासाने वास घ्यायचा आणि वहीत लिहायचं. नव्या मर्दानी कोलोनची एकुलती एक बाटली एक वाजता कपाटातून गायब झाली होती. कपाटाची एक किल्ली नाकवालीच्या गळ्यात होती. दुसरी साहेबांकडे होती. पण त्यांच्यावर संशय घ्यायचा म्हणजे स्वतःचा राजीनामा स्वतःच टाईप करायचा. खाली गेटवर रखवालदार पोलिसांना फोन लावायला तयार उभा होता.

"नोकरी तर गेलीच," जावईबापू अंधारात म्हणाले. ते साहेबांचे जावई आणि कंपनीचे व्यवस्थापक. "पुन्हा कोणी तुम्हाला मनगटसुद्धा देणार नाही."

शेजारी उभ्या साहेबांनी लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. स्टुलावर बसलेले लिफ्टवाले काका म्हणाले की मेकॅनिक जेवायला गेलाय, आणि तो घास बत्तीस वेळा चावतो.

नाकवालीला भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटल्या. अशा वेळी ती एकच गोष्ट करायची. तिने श्वास घेतला.

काकांच्या बामाचा रोजचा भपका. त्यावर संत्र्याची साल. काळी मिरी.

जावईबापूंना शिंक आली. पाठोपाठ दुसरी. काकांनी नाकाला रुमाल लावला.

"जावईबापू, सकाळी कोलोन किती वाजता फवारलं?"

"दहाला. आपल्या तिघांच्या डाव्या मनगटावर. तुम्हीच तर फवारलंत."

"नंतर पुन्हा लावलंत?"

"बाटलीच गेली, तर काय लावू?"

सकाळचं तिला नीट आठवत होतं. साहेबांनी मनगट नाकाशी नेऊन, डोळे मिटून "वा, देवदार" म्हटलं होतं. फवारल्यावर आधी संत्रं आणि मिरी येते, देवदाराच्या लाकडाचा वास यायला तीन तास होते, पण साहेबांना सगळ्याचीच घाई. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

तिने स्वतःचं मनगट हुंगलं. कोरडं, उबदार लाकूड, उन्हात तापलेल्या कपाटासारखं. चार तासांनी असायला हवं तसंच.

मग संत्रं कुठून येत होतं?

"साहेब, तुम्हाला कसला वास येतोय?"

"नेहमीचाच," साहेब म्हणाले.

नाकवालीने चाचपडत काकांचा हात धरला. काकांनी तो काढून घेतला नाही. या वयात कोणी आपणहून हात धरतंय, याचं त्यांना बरं वाटलं असावं.

"साहेब, जाता जाता एक शेवटचं काम. हे माझं मनगट. दहाचं कोलोन आता कसं उतरलंय, तेवढं सांगा. वहीत लिहून जाते."

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. "अप्रतिम. देवदार. खाली थोडी व्हॅनिलाची ऊब. अंगावर फार छान मुरलंय."

"काका, बॅटरी लावा."

उजेड पडला. साहेबांच्या नाकाखाली काकांचं मनगट होतं. काका त्याला सांधेदुखीचा बाम लावतात, दिवसातून चार वेळा, थापून. त्या बामने एरवी तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी येतं.

जावईबापूंची तिसरी शिंक अर्ध्यावर राहिली.

"या कोलोनमधलं संत्रं जेमतेम पंधरा मिनिटं टिकतं," नाकवाली म्हणाली. "सकाळचं कधीच उडून गेलंय. म्हणजे बाटली इथेच आहे आणि गळतेय. नमुन्याच्या बाटलीला नुसतं बूच असतं. आडवी ठेवली की गळते. ज्याला वास येतो, त्याला हे मिनिटभरात कळलं असतं. जावईबापू शिंकले, काकांनी नाक झाकलं. एकट्या साहेबांना काहीच कळलं नाही, कारण त्यांना वासच येत नाही. सकाळीसुद्धा ते पाठ केलेलं बोलले, तेही तीन तास आधी. राहिली किल्ली. दुसरी त्यांच्याकडेच आहे."

काकांनी बॅटरी खाली वळवली. साहेबांच्या कोटाच्या खिशाभोवती बशीएवढा ओला डाग पसरला होता.

"आठ महिने झाले," साहेब हळूच म्हणाले. "एक ताप आला, आणि गेला तो वास घेऊनच गेला. तीन वाजता खरेदीदार येतायत. त्यांच्यासमोर मला हुंगून सांगायचं होतं. बाटलीच नसती तर बैठक टळली असती."

"आणि मी?"

साहेबांनी ओला खिसा हाताने झाकला. "तुला दुसरीकडे लागली असती नोकरी. नाक आहे तुला."

धक्का बसला. लिफ्ट खाली निघाली. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

दार उघडलं. रखवालदार एक पाऊल पुढे आला, वास लागताच दोन पावलं मागे गेला आणि कोणाला धरायचं ते त्याने लांबूनच विचारलं.

साहेबांनी ओली बाटली काढून नाकवालीच्या हातात दिली. "कोणालाच नाही. बाटली मीच घेतली होती. खरेदीदारांना हेच सांगेन, आणि यापुढे वास हीच सांगेल."

नाकवालीने बाटली उजेडात धरली. तळाला बोटभर उरलं होतं. खरेदीदारांच्या तीन मनगटांपुरतं.

"चला मग वर," ती म्हणाली.

"जिन्याने जा," काका म्हणाले. "माझा बाम तेवढा पास झाला म्हणून लिहा."