एकट्याचं निंदण

मूल गावी राईस मिलच्या टिनाखाली मी पावसाला शिव्या घालत उभी होते. तेवढ्यात गाडीवर लोखंडी दात्यांचं काहीतरी धूड बांधलेला एक मुलगा आत शिरला. त्याच्या केसांतलं पाणी नेमकं माझ्या फाईलवर टपटपायला लागलं.

"सरका ना जरा! आणि हे काय आहे?"

"डवऱ्याचं अन् सायकलचं लग्न लावलं सरकारनं," तो हसला. "धानातलं तण काढते. तणनाशक नको, मजूर नको, एकटा माणूस धानाची अख्खी बांधी साफ करते... म्हणते. आता कोणी मॅडम येऊन राह्यली तपासाले, योजना ठेवाची का बंद कराची. चष्मावाली, खडूस असन!"

"चष्मा नाही लागत," मी म्हटलं. "खडूस मात्र आहे. दिव्यानी, ऊर्जानगरची. योजना मीच तपासणार आहे."

त्याचा चेहरा बघायला हवा होता! "मी प्रफुल," तो चाचरला, "गावात योजना... मीच पाहतो."

मग तोच मला त्याच्या गावात फिरवू लागला. जंगलाला अगदी टेकलेलं गाव. धुऱ्यावर, शेताच्या त्या अरुंद बांधावर, पाय घसरला की हात पुढे करायचा, आणि मी सावरले तरी जरा उशिरानंच सोडायचा. मला ते आवडायला लागलं होतं... खोटं कशाला बोलू!

पण योजनेचं गोदाम उघडलं आणि माझं डोकं सटकलं. सगळी यंत्रं कोरी करकरीत, दात्यांना चिखलाचा डाग नाही.

"कुणी वापरलीच नाहीत! हे लिहिलं तर योजना बंद, आणि गाव पुन्हा तणनाशक फवारणार. चालेल तुम्हाला?"

"वापरते ना लोकं..." तो माझ्याकडे बघेना.

"मग करून दाखवा. आत्ता. त्या जंगलाकडच्या बांधीत, तिथं तण माजलंय."

त्यानं एकदा जंगलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बरं," म्हणाला, आणि यंत्र घेऊन चिखलात उतरला.

तेवढ्यात त्याची मावशी, कांताबाई, धापा टाकत आली. "त्याले तिकडं एकट्याले कोणी पाठवलं?"

"मी."

"अवो बाई! तिकडं वाघीण आहे, पिल्लंवाली. आमी निंदाले जातो त बायांची रांग राहते. गाणे, बडबड, हसणं... आवाजानं जनावर दूर राहते. ह्या मशीननं माणसाले एकटं केलं. म्हणून कोणी हात लावत नाई तिले!"

"मग हा बोलला काऊन नाही?"

"वाघाचं नाव काढलं असतं, त तू थांबली असती गावात?"

सागावर माकडं खाकरली, जनावर दिसल्यासारखी. प्रफुल मान खाली घालून यंत्र ढकलत होता, चिखलाच्या चपचप आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं. त्याच्या पाठीमागचं गवत हललं... वारा तर नव्हताच. मी तोंड उघडलं. आणि मग कुठून कोण जाणे—

"बे एके बे! बे दुणे चार!"

हसू नका. भीतीनं दुसरं काही आठवलंच नाही! कांताबाईनं काठीनं पाण्याची पितळी गुंडी बडवली. पलीकडच्या बांधीतल्या बाया आरडाओरडा करत धावल्या. गवत दुभंगलं, पिवळी पाठ क्षणभर दिसली... आणि जंगलात गेली.

प्रफुल धुऱ्यावर आला तो पांढराफटक पडून. मी त्याची कॉलरच धरली.

"मेला असतास म्हणजे? माझ्या एका अहवालासाठी?"

"अहवालासाठी नाई..."

"मग?"

"तुमी म्हटलं म्हणून."

मला रडूच फुटलं. "पुन्हा एकटा जायचं नाहीस! मला तू हवा आहेस, कळलं? जिवंत हवा आहेस."

मी त्याचा हात धरला. या वेळी त्यानं तो सोडलाच नाही. "बेचा त येते," तो हळूच म्हणाला, "पुढचे पाढे येते का?"

अहवालात मी लिहिलं, यंत्र चांगलं आहे, पण एकट्याला देऊ नका. चार-चार जणांच्या गटाला द्या, ओळीनं चालवू द्या. साहेबांचा फोन आला, "शेतीच्या मूल्यमापनात वाघ कुठून आला?"

"जंगलातून, सर," मी म्हटलं.

निर्णय अजून आलेला नाही. आज त्याच बांधीत चार यंत्रं एका ओळीत चाललीत, बाया गाताहेत. मी धुऱ्यावर उभी आहे, डोळे गवतावर. भीती गेलेली नाही, जाणारही नाही. गाणं जरा थांबतं आणि प्रफुल मान वर न करता ओरडतो, "दिव्यानी, आवाज!"

"तीन एके तीन..." मी सुरू करते.