दुसऱ्या पाळीचा भोंगा

सपनाची त्या दिवशी सुट्टी होती. कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स. आठवड्याचा तो एक दिवस घरचा, त्यामुळे दळण, कपडे, लेकराचा अभ्यास असं सगळं त्याच दिवशी अंगावर यायचं. सकाळचं काम उरकून ती दुपारचा चहा गाळत होती, तर सासरा जळबा पांढरं धोतर नेसून, डोक्याला रुमाल गुंडाळून ओट्यावर येऊन बसलेला.

"कुठं निघालात, मामा?"

"मिलीत." रुमाल सारखा करत तो म्हणाला, "नेतीस का?"

सपनानं गाळणी खाली ठेवली. बाळापूरच्या पुढं माळावर सळ्यांची मिल होती. भंगारातलं लोखंड तापवून तिथं सळ्या ओढायचे. जळबानं अर्धं आयुष्य तिथं काढलं. मिल बंद पडली, तिला कुलूप लागलं, आत बाभळी उगवल्या. आता दोनेक वर्षांपूर्वी एका संस्थेनं ती ताब्यात घेऊन साफसूफ केली. जुनी यंत्रं रंगवून उभी केली, भट्टीच्या जागी शाहिरीचे, भारुडांचे कार्यक्रम व्हायला लागले, शाळांच्या सहली यायला लागल्या. जुन्या कामगारांनी एकदा येऊन बघावं म्हणून तिथनं फोन यायचे. जळबा दर वेळी म्हणायचा, जमणार न्हाई. मिलीचा विषय निघाला की तो उठून बाहेर जायचा. आणि आज आपणहून तयार.

"आजच काहून?" तिनं विचारलं.

"जावं वाटून राहिलं," तो म्हणाला.

हळद शिजवायचे दिवस होते. स्कूटीवरून जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कढयांची वाफ उठत होती, आणि तो उग्र, मातकट वास थेट मिलीच्या फाटकापर्यंत सोबत आला. फाटकाच्या आत मात्र एकदम तुटला. तिथं फक्त थंड लोखंडाचा वास होता.

दुपारची वेळ, गर्दी नव्हती. एक सहल नुकतीच गेली असावी. कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं वाऱ्यानं इकडं तिकडं सरकत होती. मिल दाखवायला गुंजन नावाची मुलगी होती. हिंगोलीची, चुणचुणीत. जळबा जुना कामगार आहे म्हटल्यावर ती त्याच्या पाया पडली, आणि एकेक गोष्ट दाखवत तिनं दोघांना आत नेलं. फाटकाजवळ हातानं फिरवायचा भोंगा होता. तिथून एक लांब, अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला मोठं दालन. दालनाच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते.

"इथं आम्ही आवाजाचा खेळ दाखवतो," गुंजन म्हणाली. "अंधार करायचा, रुळांमधून लाल दिवे पळतात, मशीनचा आवाज येतो. खरीच सळई निघाल्यासारखी वाटते."

जळबाचं तिकडं लक्ष नव्हतं. तो दालनाच्या मधोमध, आडव्या बांधलेल्या दोराच्या अलीकडं उभा राहिला होता. समोर दोन माणसांच्या उंचीचं काळं यंत्र होतं, एकावर एक बसवलेले जाड लोखंडी रूळ. त्यानं दोरावर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "मी ह्या बाजूला. प्रेमसिंग त्या बाजूला."

"कोण प्रेमसिंग?" गुंजननं विचारलं.

"तांड्यावरचा. जोडीदार माझा."

मग त्यानं सांगितलं. तापलेली लाल सळई रुळांमधून सापासारखी पलीकडं निघायची. पलीकडच्या माणसानं तिचं तोंड सांडशीनं धरायचं आणि पुढच्या खाचेतून परत अलीकडं पाठवायची. अशी ती बारीक होत जायची. समोरचा दिसायचा नाही, मधे यंत्र. नुसता आवाज. पाठवणारा म्हणायचा "आली", धरणारा म्हणायचा "घेतली". घेतली ऐकू आलं नाही, तर समजायचं की माणूस गेला.

"शेवटच्या दिवशी सळई अर्धी रुळात होती अन् लाईट गेली," जळबा म्हणाला. "मी म्हणलं आली. पल्याडून काही न्हाई. फिरून गेलो. सांडशी खाली पडलेली. प्रेमसिंग न्हाई. रक्त न्हाई, चप्पल न्हाई, काहीच न्हाई. तेवढ्यात मालकाची माणसं आली, समद्यांना बाहेर काढून कुलूप लावलं. पोलिसांनी बी पाह्यलं. लोक म्हणले सुरतेला पळाला. त्याची बायको पार्वतीबाई अजून हातात बांगड्या भरती."

गुंजन ओशाळल्यासारखी झाली. विषय बदलावा म्हणून तिनं खुंटीवरची सांडशी काढून त्याच्या हातात दिली. "आजोबा, तुमच्या जागेवर उभे राहा ना. मी खेळ लावते आणि फोटो काढते."

सपनाला वाटलं तो नको म्हणेल. पण जळबा दोराखालून वाकून आत गेला, लोखंडी पाटावर पाय रोवून उभा राहिला, आणि त्याची वाकलेली पाठ तिच्या डोळ्यांदेखत ताठ झाली. गुंजन कोपऱ्यातल्या बटणांकडं गेली. दिवे गेले.

आधी काहीच नव्हतं. मग पायांखालची फरशी बारीक थरथरली. खोल कुठंतरी घरघर सुरू झाली, वाढत वाढत छातीत भरली. रुळांच्या फटीत तांबूस उजेड आला आणि त्यात जळबाचा चेहरा उजळला. सपनाला कौतुक वाटलं. किती हुबेहूब केलंय. उष्णता सुद्धा येत होती, गालांना झळ लागत होती. तापल्या लोखंडाचा वास, त्यात घामाचा आणि विडीचा.

"आली..." यंत्राच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"घेतली," जळबा म्हणाला. सांडशी वळली, त्याचे खांदे वळले. "आली."

"घेतली..."

सपनाच्या कानाला गुंजनचा श्वास लागला.

"ताई... लाईट गेलीय."

"असू दे, बघू दे ना."

"तसं नाही ताई. लाईट गेलीय... मी अजून चालूच केलं नाही."

सपना दोराखालून आत शिरली. जळबाचं धोतर घामानं भिजून पायांना चिकटलं होतं. डोळे रुळांवरून हलत नव्हते.

"मामा, चला बाहेर."

"हटकू नको."

"मामा..."

"तो पल्याड एकटा हाय, सपना. मी हात सोडला तर सळई उलटून त्याच्या अंगावर जाईल." त्याला दम लागला होता. "आली."

"घेतली..."

पंच्याहत्तरीचं शरीर. नाडी बघायची गरजच नव्हती. गळ्याजवळची शीर कशी उडत होती ते तिला दिसत होतं. ओढून नेलं तर तो जागीच कोसळेल, आणि असाच उभा ठेवला तरी कोसळेल. तिनं स्वतःला विचारलं, वॉर्डातून आपण कधी निघतो? रात्रभर जागून पाय मोडले तरी ड्युटी संपल्याशिवाय निघत नाही.

"सुटी कधी होते, मामा? कशानं होते?"

"भोंग्यानं." त्यानं पुन्हा सांडशी वळवली. "त्या दिवशी भोंगा झालाच न्हाई नं..."

सपना मागं वळली. "गुंजन, पळ. फाटकावरचा भोंगा फिरव. थांबू नको."

गुंजनच्या चपला बोळातून फटफटत गेल्या. सपना सासऱ्याच्या पाठीवर तळहात ठेवून उभी राहिली. त्याचं अंग भट्टीसारखं तापलं होतं. आली, घेतली. आली, घेतली. पलीकडचा आवाज प्रत्येक वेळी थोडा जवळ येत होता, किंवा तिला तसं वाटत होतं.

मग भोंगा झाला. आधी घसा धरल्यासारखा, मग चढत चढत सगळ्या माळावर पसरला.

घरघर थांबली. उजेड विझला. यंत्राच्या पलीकडं सांडशी फरशीवर ठेवल्याचा आवाज आला, टाकल्याचा नव्हे, ठेवल्याचा. जड पावलं यंत्राला वळसा घालून आली. विडीचा वास सपनाच्या अगदी तोंडावरून गेला.

"जा गड्या," जळबा पुटपुटला. "घरी जा आता."

पावलं बोळाकडं गेली. सपनाच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं होतं की कशाचं, तिला कळलं नाही. तेवढ्यात जळबानं तिचा हात घट्ट धरला.

"चल, पोरी. बिगीबिगी चल."

"काय झालं?"

"भोंगा सुटीचा असतो तसा पाळी लागायचा बी असतो. दुसऱ्या पाळीचे आत येतील."

बोळात शिरल्या शिरल्या तिला ते जाणवलं. समोरून माणसं येत होती. दिसत कुणीच नव्हतं, पण खांद्याला खांदे लागत होते, डब्यांच्या कड्या वाजत होत्या, भाकरीचा आणि तिखटाच्या तेलाचा वास येत होता. कुणी बोलत नव्हतं. सपना भिंतीला घासत पुढं सरकत राहिली. एका ठिकाणी गर्दी अशी दाटली की जळबाचा हात तिच्या हातातून सुटला.

"मामा..." तिनं अंधारात हात पुढं केला. "मामा, कुठं आहात?"

खांदे, पाठी, डबे. मग एका हातानं तिचा हात धरला. तिनं तो ओढला आणि दोघं उन्हात आले.

गुंजन भोंग्याजवळ खाली बसून रडत होती. "कोणी दिसलं नाही ताई," ती म्हणत होती, "पण मला बाजूला सरकून वाट द्यावी लागली. इतका वेळ वाट द्यावी लागली..." सपनानं तिला पाणी पाजलं, तिच्या भावाला फोन करून बोलावून घेतलं, आणि तो आल्यावरच सासऱ्याला घेऊन निघाली. गुंजन त्यानंतर त्या नोकरीवर गेली नाही.

परतीच्या वाटेवर तांडा लागतो. पार्वतीबाईला सांगायलाच हवं, असं सपनाच्या मनानं घेतलं. काय सांगायचं ते मात्र ठरत नव्हतं.

"नको," मागं बसलेला जळबा म्हणाला. "घरी चल."

"पाच मिनिटं, मामा."

तो उतरलाच नाही. रस्त्याकडेच्या लिंबाखाली, स्कूटीवर पाठ फिरवून बसून राहिला. सपना एकटीच आत गेली. पार्वतीबाई उंबऱ्यावर बसलेली होती. दवाखान्यात येऊन जाऊन तिची सपनाशी ओळख होती. थकलेली, केस पिकलेले, कोपरापर्यंत बांगड्या. सपनाला बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, लेकी. आत्ताच आलेत. लई थकून आलेत."

सपना तिच्याजवळ वाकली. "कोण आलंय, मावशी?"

"घरधनी आलेत माझे." ती हसली. "अन् त्यांच्या संगं तुझा सासरा बी आलाय की. दोघं चहा पिऊन राहिलेत."

दार अर्धं उघडं होतं. सपनानं आत पाहिलं. खोलीत एक बाज होती, तिच्यावर कुणी नव्हतं. खाली दोन कप होते. दोन्ही अर्धे प्यालेले, आणि दोन्हींमधून वाफ निघत होती.

ती मागं मागं सरत रस्त्यावर आली. लिंबाखाली जळबा तसाच बसला होता. "झालं का?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली आणि स्कूटी चालू केली. म्हातारीचं डोकं फिरलंय, ती घरापर्यंत स्वतःला सांगत राहिली. इतकी वर्षं वाट बघून कुणाचंही फिरेल.

त्यानंतर सगळं नेहमीसारखं सुरू झालं. नवरा रत्नपाल नांदेडला कामाला, शनिवारी यायचा. त्याला तिनं काही सांगितलं नाही. जळबा वेळेवर जेवायचा, बातम्या बघायचा, नातवाला मांडीवर घ्यायचा. मिलीच्या धुरानं लागलेला त्याचा जुना खोकला मात्र गेला होता. आणि तो अंगणाच्या बाहेर पाऊल टाकत नव्हता.

महिनाभरानं पार्वतीबाईचा फोन आला. "लेकी, सासऱ्याला घ्यायला कवा येतीस? मला तकलीफ न्हाई, पर किती दिवस राहतील इथं?" सपनानं अंगणात पाहिलं. जळबा बाजेवर बसून शेंगा फोडत होता. येते, म्हणून तिनं फोन ठेवला.

मग दुसरा फोन. "दिवसभर उंबऱ्यावर बसून रस्ता बघत्यात बाई. सपनाचा हात सुटला म्हणत्यात. डोळ्याला पाणी आणत्यात." त्या रात्री सपना जेवली नाही.

तिसरा फोन आला तो चैत्रातल्या एका दुपारी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पार्वतीबाईचा आवाज काळजीचा होता.

"तू काही आली न्हाईस. आज म्हणले, सून येत न्हाई तर मीच जातो घरी. आत्ता निघालेत बघ, पायीच. ऊन लई हाय, पोचले की पाणी दे."

सपनानं फोन कानापासून खाली घेतला आणि दाराशी आली. जळबा बाजेवरून उठला होता. तिच्याकडं न बघता, भर दुपारी, तो अंगणाच्या फाटकाला आतून कडी लावत होता.